जसंच्या तसं छापा

"मॅडम, आमचं सॉफ्टवेअर स्टँडर्डप्रमाणे चालतं. तुमचं मराठीच स्टँडर्डमध्ये बसत नाही, त्याला मी काय करू?"

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं हे वाक्य माझ्या टेबलाशी उभं राहून, चहाचा कप हातात धरून म्हटलं. चहा मीच मागवला होता. तो कप त्याच्या हातातून काढून घ्यावा इतका मला राग आला. तो बिचारा म्हणत असेल, एका प्रिंटरवरून ही बाई एवढी का तापलीय? त्याला कारण ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं.

काष्टीच्या पुढे, रस्त्याला लागून एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. नव्वदच्या दशकात मी तिथे कॉम्प्युटर विभागात नोकरीला होते. विभाग म्हणजे काय, तर एक खोली, एक मोठा कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा एसी आणि मी. या खोलीतून वायरी निघायच्या त्या लॅबला, स्टोअरला आणि औषधाच्या काउंटरला. तिथे तिथे एकेक प्रिंटर. मी इथे बसून छापायला सांगितलं की कागद तिकडे निघायचा. पाहुणे आले की ट्रस्टचे लोक त्यांना आधी माझी खोली दाखवायचे आणि मग ऑपरेशन थिएटर.

औषधाच्या काउंटरवर पूर्वी गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं काड्या काढायची रीत होती. सूर्य उगवताना एक काडी, मावळताना एक. काउंटरवरचे काका हाताने दाखवत सांगायचे आणि माणसं मान डोलवून घरी जाऊन विसरायची. मी पिच्छा पुरवून ती रीत बंद करवली. गोळ्यांबरोबर प्रत्येकाला छापील मराठी चिठ्ठी द्यायची, ठसठशीत अक्षरात: कुठली गोळी, सकाळी की रात्री, जेवायच्या आधी की नंतर. तो प्रोग्रॅम मी एकटीनं लिहिला होता. आजही सांगते, त्याच्याएवढा अभिमान मला पुढच्या कुठल्याच कामाचा वाटला नाही.

आणि त्या चिठ्ठीचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे माझी आई.

आई जामखेडजवळच्या आमच्या गावी भावाकडे राहायची. तिला शुगर होती. महिन्यातून एकदा एसटी बदलत बदलत माझ्या हॉस्पिटलात यायची. पण "माझी लेक हितं कामाला हाय" असं म्हणून पुढे घुसायची नाही. रांगेत उभी राहायची. आमच्या वस्तीतल्या विहारात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला तेव्हा आई पन्नाशीच्या पुढे होती. दिवसभर निंदणी करून यायची, हातपाय धुवायची आणि पाटी घेऊन बसायची. मला शिकवताना तिनं काय काय सोसलं ते मी पाहिलेलं होतं, पण तिला स्वतःला शिकताना बघणं हे काही वेगळंच होतं. चिठ्ठी मिळाली की ती काउंटरलाच उभी राहून, अक्षरांखाली बोट फिरवत, मोठ्यानं वाचायची. मागचे कुरकुरायचे, "आजी, सरका की पुढं." आई ढिम्म. "थांब रं बाबा, वाचतीय मी."

मग ट्रस्टनं लॅबच्या आणि काउंटरच्या प्रिंटरसाठी नवीन मशीनं घेतली, त्यांवर छपाईचं नवीन सॉफ्टवेअर. ज्या दिवशी ते बसवलं त्या दिवशी मी नगरला एका लग्नाला गेले होते. नेमका काष्टीचा बाजार, म्हणजे हॉस्पिटलात पाय ठेवायला जागा नाही. आणि नेमकी आई त्याच दिवशी आली. डॉक्टरांनी तिच्या गोळ्या बदलल्या होत्या. काउंटरवरून गोळ्यांबरोबर जी चिठ्ठी निघाली तिच्यावर मराठीचा म नव्हता. नुसते इंग्रजी अक्षरांचे तुकडे, चौकोन, आडव्या उभ्या रेघा. काकांनी गर्दीत दोन शब्द तोंडी सांगितले, आईनं चिठ्ठी घडी करून कमरेला लावली आणि गाडी गाठली.

नगरहून परतल्यावर चिठ्ठ्या बिघडल्याचं मला कळलं, काका पुन्हा काड्या काढायला लागले, पण आई येऊन गेल्याचं मला ठाऊक नव्हतं. आठवडाभरानं भावाचा फोन आला, गावातल्या एसटीडीवरून. रात्रीची गोळी आईनं सकाळी उपाशीपोटी घेतली होती आणि बांधावर घेरी येऊन पडली होती. भावानं साखरेचं पाणी पाजलं म्हणून उठली.

मी रजा टाकून गावी गेले. आई खाटेवर बसलेली, चेहरा उतरलेला. मी चिठ्ठी मागितली, बघितली आणि माझं टाळकंच सरकलं.

"आई, अगं हे तुला वाचता आलं नाही तर निदान कुणाला विचारायचंस तरी!"

"मास्तरास्नी दावली की. ते म्हनले, डॉक्टरी भाषा हाय, बराबर हाय." मग खाली बघत म्हणाली, "मला वाटलं पुढच्या पुस्तकातली अक्षरं असतील. आमचा वर्ग दुसऱ्या पुस्तकावर बंद पडला न्हवं का."

कागदावर कचरा छापून आला आणि ही बाई समजली की आपलंच शिक्षण कमी पडलं.

"आई, ही अक्षरंच नाहीत. मशीन बिघडलंय आमचं."

"छापलेलं कसं चुकंल, पोरी? तू उगं माझी समजूत काढू नगंस. मला जेवढं आलं तेवढं आलं. आता तुझा भाऊ वाचून दावील, झालं."

मी निघायच्या आत ग्रामपंचायतीचा शिपाई कसल्याशा कागदावर सही घ्यायला आला. गेली दोन-अडीच वर्षं आई स्वतःची सही करत होती, वेडीवाकडी पण पूर्ण नावाची. त्या दिवशी तिनं पेन हातात घेतलं नाही. अंगठा पुढे केला. शिपायालाही नवल वाटलं. मी एसटीत बसल्यावर मनाशी ठरवलं: पुढच्या महिन्यात आई येईल तेव्हा तिच्या हातात धड मराठी चिठ्ठी पडलीच पाहिजे. मग त्यासाठी कुणाशीही भांडावं लागो.

भांडण लगेच मिळालं. व्यवस्थापक साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "लॅबचे इंग्रजी रिपोर्ट त्याच सॉफ्टवेअरमधून नीट निघतात. म्हणजे खोट मराठीत आहे. महिनाअखेरपर्यंत जमलं तर बघा, नाहीतर चिठ्ठी इंग्रजीत काढून मोकळे व्हा. पुण्या-मुंबईला तरी कोण मराठीत देतं?"

"साहेब, पुण्या-मुंबईचे पेशंट आपल्याकडे येतात का?" मी म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही.

मग आला तो इंजिनिअर, ज्याला मी चहा पाजला. त्याचं ते वाक्य ऐकून मी शांतपणे विचारलं, म्हणजे माझ्या दृष्टीनं शांतपणे, "कुठलं स्टँडर्ड? दाखवा की मला."

"असतं ते, मॅडम. पब्लिश झालेलं आहे. सगळ्या जगात चालतं."

"तुम्ही वाचलंय?"

त्यानं चहाचा घोट घेतला. "वाचायचं कशाला? पाळायचं असतं ते."

घ्या! मी त्याला गेटपर्यंत पोचवलं आणि तशीच पोस्टाशेजारच्या बूथवरून पुण्याला फोन लावला. डिप्लोमाला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण तिथे एका संस्थेत नोकरीला होती आणि तिच्याकडे इंटरनेट होतं. आमच्याकडे तो शब्द तेव्हा नुसता पेपरात वाचायला मिळायचा. मी तिला म्हणाले, "कॉम्प्युटरवरून दुसऱ्या मशीनच्या प्रिंटरला छपाई कशी पाठवायची, त्याचे छापलेले नियम कुठे मिळतात का बघ. पैसे पडले तर मी देते."

ती हसली. "अगं, पैसे कसले? फुकट असतात ते. कुणीही वाचावेत म्हणूनच ठेवलेत." हे मला खरंच वाटेना. आपल्याकडे सातबाराचा उतारा काढायला तलाठ्याच्या किती विनवण्या, आणि जगभराच्या मशीननी कसं बोलायचं त्याचे नियम फुकट? पण तिनं खरंच कागद छापून एसटीच्या कंडक्टरजवळ दिले आणि मी काष्टीच्या स्टँडवर जाऊन घेतले. थोडीच पानं होती. एवढ्याशा कागदांचा धाक घालून तो मला गप्प करून गेला होता.

डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते वाचायला बसले. पहिल्याच पानावर मला हसू फुटलं. कागद स्वतःबद्दलच सांगत होता की मी काही ठरवून दिलेलं स्टँडर्ड नाही. लोक आधीपासून जे वापरतात ते नुसतं लिहून ठेवलंय, माहितीसाठी. म्हणजे ज्याच्या नावानं मराठीला दारातून हाकललं जात होतं, तो स्वतः म्हणत होता, मला एवढं मोठं करू नका!

पण नुसतं हसून चिठ्ठी निघणार नव्हती. मी पुढे वाचत गेले. छापायच्या मजकुराबरोबर दुसऱ्या मशीनला एक छोटी सूचना जाते: कुणी पाठवलं, नाव काय, आणि कसं छापायचं. हे 'कसं' एका अक्षरानं सांगायचं. एफ लिहिलं तर साधा मजकूर. त्यात न दिसणाऱ्या खुणा असतील तर चार-पाच सोडून बाकीच्या फेकून द्यायच्या. एल लिहिलं तर कशालाही हात लावायचा नाही. जसंच्या तसं छापायचं.

मी खुर्चीतच उडाले. प्रिंटरला मराठी कुठे येत होती? माझा प्रोग्रॅम अक्षरं ठिपक्यांनी काढायचा, ते ठिपके आकड्यांत सांगायचा आणि प्रत्येक ओळीआधी प्रिंटरला एक न दिसणारी खूण पाठवायचा, की बाबा रे, आता येतंय ते अक्षर नाही, चित्र आहे. आणि आमचं मशीन हे सगळं एफ लिहून पाठवत होतं. जुन्या सॉफ्टवेअरनं नियमाकडे कधी बघितलंच नव्हतं. जे येईल ते पुढे ढकलायचं, म्हणून आमचं सुखानं चाललं होतं. नवं सॉफ्टवेअर नियमाचं पक्कं. त्यानं खुणा फेकल्या, आणि प्रिंटरनं त्या चित्राच्या आकड्यांची इंग्रजी अक्षरं करून टाकली. इंग्रजी रिपोर्टात खुणाच नव्हत्या, म्हणून ते धड येत होते.

म्हणजे इंजिनिअर खरं बोलला होता. त्याचं सॉफ्टवेअर नियम पाळत होतं. फक्त त्याच नियमात, दोन ओळी खाली, मराठीसाठीही जागा होती आणि तिथपर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

मी एफचा एल केला. एवढंच. मग काउंटरला धावत गेले. प्रिंटर खरखरला आणि कागदावर मराठी उमटली! काका "आली, आली!" म्हणून ओरडले. रांगेतल्या लोकांना वाटलं लाइट आली. चिठ्ठी अर्धी आतच अडकली, कारण एल म्हटल्यावर पान पुढे सरकवायचं कामही आमच्याकडे आलं होतं, पण ते मी तासाभरात बसवलं.

दुपारी काका चिठ्ठी घेऊन खोलीत आले. "बाई, हे बघा जरा."

'सकाळी' छान होतं. 'दुपारी' छान. 'जेवणानंतर' छान. 'रात्री' मात्र मधोमध चिरलं होतं. 'रा' नीट, आणि पुढचं सगळं विस्कटून भलतीकडेच.

साहेबांना कुणीतरी बातमी दिलीच होती. ते स्वतः आले, चिठ्ठी बघितली आणि खूश झाले. "शाब्बास! आता तेवढ्या एका शब्दाचं काय घेऊन बसता? तिथे इंग्रजीत नाइट टाका. एवढं तर कुणालाही कळतं."

"नाही टाकणार."

"काय?"

"साहेब, याच शब्दापायी माझी आई बांधावर पडलीय." आणि मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं: रांग, वर्ग, पुढचं पुस्तक, अंगठा. आवाज चढला होता माझा, डोळ्यांतही पाणी आलं होतं, आणि दोन्हीची मला फिकीर नव्हती. "तिला परत एक न कळणारा शब्द दिला ना, तर ती कागद हातात धरायची नाही. आणि अशी काय ती एकटी आहे का?"

साहेबांनी चिठ्ठी पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाले, "महिनाअखेर सांगितलीय ना मी? मग करा की." आणि गेले. माणूस वाईट नव्हता.

मी एकेक शब्द छापून बघायला लागले. 'मात्रा' फाटला. 'पत्र' फाटला. 'तारीख' नीट आला. म्हणजे दुखणं 'त्र'मध्ये होतं. त्याच्या ठिपक्यांचे आकडे मी कागदावर मांडले आणि बघते तर त्यात एक दहा होता. साध्या मजकुरात दहा या आकड्याचा अर्थ 'पुढच्या ओळीवर जा'. नव्या सॉफ्टवेअरला हा दहा दिसला की ते आपल्या मनानं त्याच्या शेजारी आणखी एक आकडा बसवायचं, 'ओळीच्या सुरुवातीला ये' असं सांगणारा. चित्रात एक आकडा जास्त घुसला की मागचे सगळे एकेक घर सरकतात. रांगेत मध्येच कुणी घुसल्यावर होतं तसंच.

पण आम्ही तर एल लिहून पाठवलं होतं! आणि एलचा अर्थ कागदात स्वच्छ लिहिला होता: हात लावू नका. आता नियम मी पाळत होते आणि मोडत होते ते.

मी बूथवर गेले आणि पुण्याला इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, मी सांगितलं ना, आमचं स्टँडर्डप्रमाणे..."

"थांबा. तेच वाचून दाखवते." आणि मी तो परिच्छेद त्याला फोनवर वाचून दाखवला. माझे उच्चार काही फार बरे नव्हते. एसटीडीचं मीटर पळत होतं, बूथवाला माझ्या तोंडाकडे बघत होता.

तो हळू आवाजात म्हणाला, "परत एकदा वाचता का?"

मी परत वाचलं. या वेळी तो लिहून घेत होता. आणि हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं, की त्यानंतर त्या माणसानं हात झटकले नाहीत. त्यानं त्याच्या वरिष्ठांना पकडलं, त्यांनी कंपनीला पकडलं आणि दोनेक दिवसांत त्याचा फोन आला. सॉफ्टवेअरच्या पोटात कुठेतरी, आपल्या मनानं आकडा बसवायची ही 'मदत' बंद करायची सोय होती, मॅन्युअलमध्ये तिचा उल्लेखही नव्हता. ती कशी बंद करायची ते त्यानं मला फोनवर पायरीपायरीनं सांगितलं. मी केलं, फोन चालूच ठेवून चिठ्ठी काढली.

"काय आलं?" त्यानं विचारलं.

"रात्री," मी म्हणाले. "अख्खं."

"मॅडम, त्या कागदाची एक झेरॉक्स मला पाठवा ना." मी पाठवली, एसटीनंच.

मग आईची यायची वेळ झाली. या खेपेला ती एकटी आली नाही, भावाला बरोबर घेऊन आली. मी खोलीतून उठून काउंटरच्या खांबाशी जाऊन उभी राहिले. आई रांगेत होती, भाऊ तिच्या शेजारी. तिचा नंबर आला, काकांनी गोळ्या दिल्या, चिठ्ठी दिली, आणि आईनं त्या चिठ्ठीकडे न बघताच ती भावाच्या हातात दिली.

मी पुढे झाले. भावाच्या हातातून चिठ्ठी घेतली आणि तिच्यासमोर धरली. "तू वाच."

"नगं गं. लोकं खोळंबल्यात."

"खोळंबू देत. नुसती बघ तरी."

तिनं बघितलं. आधी नुसतीच बघत राहिली, हात खालीच. मग बोट वर आलं. "स... का... ळी," ती पुटपुटली. पुढची ओळ. बोट थांबलं. "रा... त्री. रात्री. जेव... जेवणानंतर." तिनं चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा वरपासून, या वेळी भरभर. मान वर करून माझ्याकडे बघितलं तेव्हा तिचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"म्हंजी मागल्या खेपंची चिठ्ठीच खोटी हुती?"

"हो आई. सांगत होते ना मी तुला."

"अन् मी महिनाभर अंगठा लावत बसले!" ती एवढ्या जोरात म्हणाली की काकांनी जाळीतून डोकं बाहेर काढलं. भावाला हसू आवरेना. मला हसू आलं की रडू, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

मागे उभ्या असलेल्या एका बाईनं, हातात स्वतःची चिठ्ठी, आईच्या पदराला हात लावला. "माझी बी बघा की वो, मावशी. काय लिवलंय?"

आईनं ती चिठ्ठी घेतली, उजेडाकडे धरली, बोट फिरवलं. "ही दुपारची. अन् ही मोठी हाय न्हवं, ती रात्री. जेवल्यावर. उपाशीपोटी घिऊ नगंस, बांधावर पडशील."

बाईनं मान डोलवली आणि आईकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मास्तरीण हाय का तुमी?"

"न्हाई," आई म्हणाली. "मला वाचता येतं."